पिल्लाचे शिक्षण

वरूड-मोर्शीच्या संत्राबागांत आणि अकोल्याकडील कपाशीच्या शेतांवर राखणीसाठी कुत्रा पाळतात. नवे पिल्लू पहिले काही दिवस सर्वांना मौजेचे वाटते. पुढे ते अंगावर उड्या मारते, आजोबांच्या धोतराचा सोगा ओढते, हाताला दात लावते. हा दुष्टपणा नव्हे. चौथ्या महिन्याच्या सुमारास त्याचे दुधाचे दात पडू लागतात; हिरड्या शिवशिवतात. शिवाय भावंडांच्या खेळात एकाने जोराने चावा घेतला, की दुसरे केकाटते व खेळ सोडून जाते. दात किती लावावा, हे पिल्लू असेच शिकते. आईपासून फार लवकर तोडलेल्या पिल्लाचा हा पाठ अपुरा राहतो. तो आपणांस पुरा करावा लागतो.

पिल्लाने उडी मारताच पाठ फिरवून स्तब्ध उभे राहावे. ओरडणे, ढकलणे हाही त्याला खेळच वाटतो. चारी पाय जमिनीवर टेकले, की मात्र त्याला थोपटावे, भाकरीचा तुकडा द्यावा. खरी अडचण माणसांचीच असते. वडील उडीबद्दल दटावतात आणि धाकटा त्याच उडीला टाळ्या पिटतो! मग त्या मुक्या जिवाने ऐकावे कोणाचे? काठी तर उगारूच नये. भ्यालेला कुत्रा अधिक चावतो.

दाताचा ओरखडा उठल्यास, मुलांनो, तो लपवू नका. त्यावर तिखट किंवा चुना न लावता साबणाने, वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवून लगेच दवाखाना गाठा. पिसाळण्याचा रोग एकदा उमटला, की रोगी बहुधा वाचत नाही. वेळेवर घेतलेली लस तो टाळते. लुई पाश्चर यांनी १८८५ साली ९ वर्षांच्या एका मुलाला ती प्रथम टोचली. पिल्लालाही तिसऱ्या महिन्यानंतर पशुवैद्याकडून ही लस टोचून घ्यावी.