टाकी धुवायची नाही, पाणी बदलायचं! फिश टँक सर्व्हिसचा पहिला धडा



व्हिडिओत आपण दोन फुटी टाकीचं पाणी बदलणं आणि खडी साफ करणं हाताने करून पाहिलं. इथे त्यामागचं कारण, मापं आणि धंद्याचा हिशोब लिहून देतो. वहीत उतरवून ठेवा.

उदाहरण कामथडीचं घेऊ. भोर तालुक्यातलं, पुणे-सातारा रस्त्यावरचं गाव. एका बाजूला नसरापूर, तिथून वेल्ह्याचा रस्ता फुटतो. दुसऱ्या बाजूला कापूरहोळ, तिथून भोरकडे वळतो. अशा रस्त्यावर हॉटेलच्या काउंटरजवळ, दवाखान्यात, एखाद्या हौशी घरात फिश टँक असते. टाकी घेताना उत्साह असतो, पण दोन महिन्यांनी साफ कोण करणार? तिथे तुमचं काम सुरू होतं.

गिऱ्हाईक काय मागतं?

"सगळं पाणी काढा, खडी धुवा, एकदम चकाचक करा." गिऱ्हाईक असंच म्हणणार. तुम्ही तसंच केलंत, तर त्या दिवशी शाबासकी मिळेल आणि दोन-चार दिवसांत मासे मेल्याचा फोन येऊ शकतो.

कारण समजून घ्या. माशांची विष्ठा आणि उरलेलं खाद्य यांतून अमोनिया तयार होतो. तो माशांना विषारी असतो. खडीत आणि फिल्टरच्या स्पंजात राहणारे उपयोगी जिवाणू अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्राइटही विषारीच, नायट्रेट त्या मानाने सौम्य. नव्या टाकीत हे जिवाणू जम बसवायला साधारण चार ते सहा आठवडे घेतात. खडी आणि स्पंज नळाखाली खळखळून धुतले, की ही फौज एका दिवसात जाते. काच चमकते, पण अमोनिया साचायला लागतो.

नायट्रेट मात्र टाकीत साठत राहतं. ते कमी करायला थोडं थोडं पाणी नियमित बदलायचं. आपण विकतो ती ही नियमितता, चमक नव्हे.

माप किती?

दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकी म्हणजे अंदाजे ६० × ३० × ३० सेंटिमीटर, म्हणजे ५४ लिटर. खडी आणि वरची मोकळी जागा वजा केली की पाणी साधारण ४५ लिटर. दर आठवड्याला चौथा हिस्सा बदलायचा, म्हणजे ११ लिटरच्या आसपास. एका बादलीचं काम!

कामाचा क्रम

१. गिऱ्हाइकासमोर मासे मोजा, आजारी दिसतोय का बघा, कार्डावर लिहा. नंतर वाद नको.

२. हीटर आणि फिल्टरचे प्लग काढा. गरम हीटर पाण्याबाहेर उघडा पडला तर काच तडकते, म्हणून हीटर बंद करून १५ मिनिटं थांबा.

३. तेवढ्यात आतल्या काचेवरचं शेवाळ स्पंजने पुसा. साबण अजिबात नाही. बादलीसुद्धा याच कामाची वेगळी ठेवा.

४. सायफनची नळी पाण्याने भरून सुरू करा, तोंडाने ओढू नका. रुंद तोंड खडीत खुपसा, घाण वर उठली की नळी चिमटा, खडी खाली बसेल, मग पुढची जागा. या आठवड्यात अर्धी खडी, पुढच्या आठवड्यात उरलेली. चौथा हिस्सा पाणी निघालं की थांबा, खडी राहिली तरी.

५. फिल्टरचा स्पंज घाण झाला असेल तर काढलेल्या पाण्यातच हलका पिळून घ्या.

६. नवं पाणी हळूहळू ओता. तापमानात एक-दोन अंशांपेक्षा जास्त फरक नको. थंडीत हे विसरू नका.

७. प्लग लावा, फिल्टर चालू झाल्याची खात्री करूनच निघा.

काढलेलं पाणी फेकू नका. औषध किंवा मीठ घातलेलं नसेल तर कुंड्यांना उत्तम.

पाणी कुठलं?

ग्रामपंचायतीच्या नळाच्या पाण्यात टीसीएल पावडरचा क्लोरीन असतो. तो माशांच्या कल्ल्यांना आणि जिवाणूंना मारक. पाणी उघड्या पिंपात २४ तास ठेवा किंवा दुकानात मिळणारे अँटी-क्लोरीनचे थेंब बाटलीवरच्या मापाने टाका. बोअरच्या पाण्यात ऑक्सिजन कमी असू शकतो, म्हणून रात्रभर एअर पंप लावा. हे पाणी बरेचदा जड असतं. गप्पी, मॉली, प्लॅटी यांना ते चालतं, निऑन टेट्राला मानवत नाही. पावसाळ्यात गढूळ पाणी तुरटी फिरवून टाकीत ओतू नका, त्याने पाण्याची आम्लता बदलते.

सर्वांत धोक्याचं गिऱ्हाईक

सहा महिने हात न लावलेली टाकी. मासे त्या जुन्या पाण्याला सरावलेले असतात. तिथे पहिल्याच दिवशी जास्त पाणी बदललं तर धक्का बसतो. दहावा हिस्सा बदला, तीन-चार दिवसांनी पुन्हा तेवढाच. हे गिऱ्हाइकाला काम सुरू करण्याआधी सांगा. नंतर सांगितलेलं कारण बहाणा वाटतो.

दुसरी काळजी म्हणजे नळी आणि जाळी. एका टाकीतला पांढऱ्या ठिपक्यांचा रोग ओल्या नळीतून दुसऱ्या टाकीत जातो. शक्यतो प्रत्येक गिऱ्हाइकाची नळी त्याच्याकडेच ठेवा. नाहीतर धुऊन कडकडीत वाळवल्याशिवाय पुढे वापरू नका.

आता हिशोब

समजा महिन्याला ८०० रुपये, चार भेटी. म्हणजे भेटीला २०० रुपये. काम ४५ मिनिटांचं, येण्याजाण्यात एक तास, पेट्रोल ६० रुपये. हातात १४० रुपये, तेही पावणेदोन तासांचे. तासाला ८० रुपये पडले.

आता त्याच फेरीत त्याच रस्त्यावर चार टाक्या धरा. ८०० वजा ६०, म्हणजे ७४० रुपये, चार तासांचे. तासाला १८५. दर तोच, कामही तेच, फक्त गिऱ्हाइकं एका ओळीत आली. म्हणून कापूरहोळला एक आणि वेल्ह्याला एक असं पसरू नका. आधी एक रस्ता भरा. साहित्याचा खर्च यात धरलेला नाही, तो वेगळा लिहा.

या आठवड्याचं काम

घरची किंवा ओळखीतली एक टाकी घ्या. लांबी-रुंदी-उंची मोजून लिटर काढा, चौथा हिस्सा बदला, किती मिनिटं लागली ते लिहा. असं सलग चार आठवडे करा. चार आठवड्यांनी मासे तेवढेच आणि तरतरीत असतील, तर पहिल्या गिऱ्हाइकाकडे ते कार्ड घेऊन जा. व्हिजिटिंग कार्डापेक्षा ते जास्त बोलेल.

भेटूया पुढच्या धड्यात. कामाला लागा!