हन्नाचा शमुवेल, अफालाचा शमुवेल

आजचं वाचन: १ शमुवेल १:२०–२८, २:१८–१९, ३:१–१०



आजचा भाग आपण संडे स्कूलपासून ऐकत आलोय. शिलोचं मंदिर, न विझलेला दिवा, झोपलेला छोटा शमुवेल, आणि हाक ऐकून तीनदा म्हाताऱ्या एलीकडे धावत जाणं. गोष्ट इतकी ओळखीची आहे की पाचारण म्हटलं की आपल्याला तिसरा अध्यायच आठवतो. रात्र, आवाज, आणि "बोल, मी ऐकतोय" असं उत्तर. युवक सभेत सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्नही तिथूनच येतो: "मला तर असा आवाज कधी आला नाही. मग मला पाचारण आहे की नाही?"

म्हणून आज तिसऱ्या अध्यायाच्या आधीचं आणि नंतरचंही वाचूया. सोबतीला आणखी एका शमुवेलाचं आयुष्य घेऊया. त्याचं नाव सॅम्युएल अजायी क्राउदर. अँग्लिकन मंडळीचा हा पहिला आफ्रिकन बिशप. त्याच्या आईचं नावही पुढे हन्ना झालं. ते कसं, ते बघूच.

१. दिलेला मुलगा आणि हिसकावलेला मुलगा

अजायीचा जन्म साधारण १८०९ चा. गाव ओसोगुन, आजच्या नायजेरियातल्या योरुबा लोकांच्या प्रदेशातलं. १८२१ मध्ये गुलाम पकडणाऱ्या टोळीने गावावर हल्ला केला, घरं पेटवली आणि माणसं दोरखंडाने बांधून नेली. अजायी तेव्हा बारा-तेरा वर्षांचा होता. त्याची आई अफाला आणि भावंडंही पकडली गेली, आणि थोड्याच दिवसांत त्यांची ताटातूट झाली. एकदा तर त्याला एका घोड्याच्या बदल्यात दिलं गेलं. पुढच्या काही महिन्यांत तो अनेकदा विकला गेला. त्या दिवसांत जगणंच नको वाटत होतं, असं त्याने स्वतः नंतर लिहून ठेवलंय.

आता १ शमुवेल १:२८ पाहा. हन्नाने आपला मुलगा परमेश्वराला वाहिला. तो तिचा नवस होता, तिचा निर्णय होता. दरवर्षी ती त्याच्यासाठी एक छोटा झगा शिवून न्यायची (२:१९). मुलगा दूर असला तरी यंदा त्याच्या अंगाला केवढा झगा लागेल, हे तिला माहीत होतं.

अफालाला असं काहीच मिळालं नाही. तिने मुलगा दिला नव्हता. तो हिसकावला गेला. तो जिवंत आहे की नाही हेही तिला ठाऊक नव्हतं.

इथे जरा थांबूया. कुणाचं काही वाईट झालं की आपण पटकन म्हणतो, "देवाची योजना असेल." पण वचन असं सरसकट बोलत नाही. उत्पत्ती ५०:२० मध्ये योसेफ आपल्या भावांच्या कृत्याला वाईटच म्हणतो. देवाने त्यातून चांगलं घडवलं म्हणून त्यांचं कृत्य चांगलं ठरत नाही. लहान मुलाला घोड्याच्या भावात विकणं हे पाप होतं आणि पापच राहतं. आपली आशा वेगळ्या ठिकाणी आहे: माणसं जे हिसकावून नेतात, तेही देवाच्या हाताबाहेर जात नाही.

२. अक्षरं, सुतारकाम आणि एक नवं नाव

एप्रिल १८२२ मध्ये अजायीला लागोस इथे एका पोर्तुगीज गुलामवाहू जहाजावर चढवलं गेलं. ते जहाज अटलांटिक पार करून जाणार होतं. पण ब्रिटिश नौदलाने ते अडवलं. ब्रिटनने १८०७ मध्ये गुलामांच्या व्यापारावर कायद्याने बंदी घातली होती. त्याआधी अनेक वर्षं त्याच देशाची जहाजं हाच धंदा करत होती, हेही विसरायला नको. सुटका झालेल्या लोकांना सिएरा लिओनमधल्या फ्रीटाउनला उतरवलं गेलं.

तिथे चर्च मिशनरी सोसायटीच्या शाळेत अजायी वाचायला शिकला. सहा महिन्यांत तो नवा करार वाचू लागला. सोबत सुतारकामही शिकला. ११ डिसेंबर १८२५ ला त्याचा बाप्तिस्मा झाला आणि लंडनमधल्या एका पाळकाच्या नावावरून त्याला सॅम्युएल क्राउदर हे नाव मिळालं. १८२७ मध्ये फ्रीटाउनला फुरा बे कॉलेज सुरू झालं, तेव्हा पहिल्या विद्यार्थ्यांत तो होता. नंतर तो शिक्षक झाला. असानो ही त्याच्यासारखीच गुलामगिरीतून सुटलेली मुलगी. तिच्याशी त्याचं लग्न झालं. बाप्तिस्म्यानंतर तिचं नाव सुझन झालं.

हा इतिहास आपल्यापासून वाटतो तितका लांबचा नाही. याच सोसायटीने नाशिकला शरणपूर वसवलं. समुद्रावर सोडवलेली पूर्व आफ्रिकेतली मुलंही तिथे राहून शिकली. त्यांच्यातला जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या तुकडीत सामील झाला आणि त्याच्या मृतदेहासोबत लंडनला पोहोचला. नाशिकच्या शरणपूर रोडवरून आपल्यापैकी कितीतरी जण रोज जातात. त्या नावात ही गोष्टही आहे.

आता अजायीच्या या वर्षांकडे पाहा. आवाज नाही, दृष्टांत नाही. पाटी, रंधा, वर्ग, संसार. शमुवेलाबद्दलही ३:१ सांगतं की तो एलीच्या देखरेखीखाली सेवा करत होता. ३:१५ मध्ये, त्या मोठ्या रात्रीनंतर सकाळी उठून त्याने काय केलं? मंदिराची दारं उघडली. रोजचंच काम.

३. हाक कुणीतरी ओळखून द्यावी लागते

३:७ म्हणतं की शमुवेलाला अजून परमेश्वराची ओळख नव्हती. हाक त्याच्यासाठी होती, पण ती कुणाची हे एलीने सांगितलं. एली काही आदर्श माणूस नव्हता. दृष्टी मंदावलेली, मुलं हाताबाहेर गेलेली. तरी ती हाक त्याने ओळखली.

क्राउदर यांच्या आयुष्यात हे काम जेकब शोन या जर्मन मिशनऱ्याने केलं. १८४१ मध्ये नायजर नदीवर एक मोठी ब्रिटिश मोहीम गेली. दोघेही त्यात होते. तापाने इतके युरोपीय लोक मेले की मोहीम अर्धवट सोडून परतावं लागलं. पण शोनने या प्रवासात एक गोष्ट पाहिली: या भूमीवर सुवार्ता न्यायची तर आफ्रिकन सेवकच हवेत, आणि क्राउदर यांना दीक्षा मिळायला हवी. त्याने तसं कळवलं. सोसायटीचे सचिव हेन्री व्हेन यांनी साथ दिली. १८४३ मध्ये लंडनच्या बिशपांच्या हातून क्राउदर यांना दीक्षा मिळाली.

हिशेब करा. बारा-तेराव्या वर्षी गुलाम, साधारण चौतिसाव्या वर्षी पाळक. मध्ये वीसेक वर्षं. अठ्ठाविसाव्या वर्षी "माझं सगळं उशिरा चाललंय" म्हणून झोप उडालेल्या मित्रांनी हा आकडा लक्षात ठेवावा. आणि जे मंडळीत थोडे मोठे आहेत, त्यांनी एलीचं काम लक्षात ठेवावं. तुमच्या शेजारी बसणाऱ्या एखाद्याला देव हाक मारत असेल आणि त्याला ते तुम्हीच सांगायचं असेल.

४. टोळीला नेता आली नाही ती गोष्ट

अजायीचं गाव गेलं, घर गेलं, आई गेली. नावही बदललं. पण एक गोष्ट त्याच्याकडून कुणाला नेता आली नाही: त्याची योरुबा भाषा.

आणि पुढची सगळी सेवा त्याच भाषेतून उभी राहिली. १८४३ मध्येच त्यांचा योरुबा शब्दसंग्रह प्रसिद्ध झाला. जानेवारी १८४४ मध्ये फ्रीटाउनला त्यांनी योरुबा भाषेत उपासना घेतली. तिथे आलेल्या लोकांचा विचार करा. गुलामगिरीतून सुटलेली, गाव कायमचं मागे पडलेली माणसं. मंडळीत येऊन इंग्रजी उपासना ऐकण्याची त्यांना सवय झालेली. आणि अचानक समोरचा पाळक त्यांच्या आईच्या भाषेत देवाचं वचन सांगतोय.

पुढे बायबलच्या योरुबा भाषांतरात क्राउदर यांचा वाटा सगळ्यात मोठा. त्यांची पद्धत बघण्यासारखी आहे. ते म्हाताऱ्या माणसांचं बोलणं कान देऊन ऐकायचे, म्हणी गोळा करायचे, नेमका शब्द सापडेपर्यंत शोधत राहायचे. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. ॲप मराठीत आणायचं म्हणून नुसते शब्द बदलले की काय होतं, हे रोज बघतो. शब्द मराठी असतात, पण कुणी तसं बोलत नाही. क्राउदर यांना वचन बाजारात आणि अंगणात बोलल्या जाणाऱ्या योरुबात हवं होतं.

आपल्यातले बरेच जण इंग्रजी माध्यमात शिकलो. ऑफिसच्या प्रेयर ग्रुपमध्ये इंग्रजीत प्रार्थना करतो, गाणीही इंग्रजी. त्यात चूक काही नाही. प्रभूला सगळ्या भाषा कळतात. पण मराठी प्रार्थना म्हणजे आजीची किंवा गावाकडच्या मंडळीची, असं कधी वाटलं तर प्रेषित २:८ वाचा. पेन्टेकॉस्टच्या दिवशी प्रत्येकाने आपापल्या जन्मभाषेत ऐकलं. पवित्र आत्म्याने त्या दिवशी सगळ्यांसाठी एकच भाषा निवडली नाही.

५. पंचवीस वर्षांनी

१८४५ मध्ये क्राउदर सहकाऱ्यांसोबत किनाऱ्यावरच्या बदाग्री इथे पोहोचले. त्यांना आबेओकुटा या योरुबा शहरात जायचं होतं. पण त्यांचं स्वागत करणारा तिथला प्रमुख सोदेके वारला आणि रस्ता बंद झाला. दीड वर्ष तिथेच थांबावं लागलं. शेवटी १८४६ मध्ये ते आबेओकुटाला पोहोचले.

आणि तिथे, त्याच ऑगस्टमध्ये, त्यांना आई सापडली.

पंचवीस वर्षं झाली होती. दरम्यान अफालाही पुन्हा पुन्हा पकडली गेली, विकली गेली होती. क्राउदर यांनी लिहिलंय की भेटीच्या वेळी दोघांना बोलताच येईना. हात धरून नुसते एकमेकांकडे बघत राहिले.

१८४८ च्या फेब्रुवारीत अफालाचा बाप्तिस्मा झाला. आबेओकुटाच्या पहिल्या बाप्तिस्म्यांपैकी तो एक. तिला नाव मिळालं हन्ना. शमुवेलाची आई.

जिला दरवर्षी झगा शिवता आला नाही, त्या आईला मंडळीने हन्नाचं नाव दिलं. माझ्यासाठी या आयुष्यातली ही सगळ्यात मोठी साक्ष आहे. गेलेली पंचवीस वर्षं परत आली नाहीत. पण देव तिला विसरला नव्हता.

६. आणि शेवट?

गोष्ट इथे संपवली तर छान वाटेल, पण ते खरं होणार नाही. २९ जून १८६४ ला कँटरबरी कॅथेड्रलमध्ये क्राउदर बिशप झाले. त्यांना स्वतःला संकोच होता. व्हेन यांनी आग्रह धरला. भारतीय माणूस अँग्लिकन बिशप व्हायला १९१२ उजाडलं, यावरून ही घटना किती आधीची ते कळेल. तरी काही युरोपीय मिशनरी आफ्रिकन बिशपच्या हाताखाली काम करायला तयार नव्हते. १८९० च्या सुमारास तरुण मिशनऱ्यांचा एक गट नायजरवर आला. त्यांनी क्राउदर यांच्या आफ्रिकन सहकाऱ्यांवर ठपका ठेवून अनेकांना काढून टाकलं. ऐंशी वर्षांच्या बिशपांना डावललं गेलं. ३१ डिसेंबर १८९१ ला ते लागोसमध्ये वारले. त्यांच्या जागी युरोपीय बिशप आला. २०१४ मध्ये, त्यांच्या बिशपपदाच्या दीक्षेला दीडशे वर्षं झाल्याच्या उपासनेत, कँटरबरीच्या आर्चबिशपांनी मंडळीच्या वतीने याबद्दल क्षमा मागितली.

आपल्या शमुवेलाचंही असंच झालं. आठव्या अध्यायात लोकांनी त्याला बाजूला सारून राजा मागितला. बाराव्या अध्यायात म्हातारा शमुवेल लोकांसमोर उभा राहून विचारतो की मी कुणाचं काही घेतलंय का. आणि मग १२:२३ मध्ये म्हणतो की तुमच्यासाठी प्रार्थना करणं मी सोडणार नाही.

पाचारणाचा पुरावा म्हणून आपण यश शोधतो. या दोन शमुवेलांकडे पाहिलं की कळतं, हाक खरी असूनही माणसं नाकारू शकतात. आपल्याकडून मागितला जातो तो विश्वासूपणा.

मननासाठी

१. तुमच्या आयुष्यात असं काय आहे, जे तुम्ही निवडलं नाही, पण जे कुणी नेऊही शकलं नाही? भाषा, एखादं कौशल्य, एखाद्या दुःखाची जाण? ते आज प्रभूपुढे ठेवा.
२. तुमचा एली कोण? त्यांना या आठवड्यात एक फोन करा.
३. आज एक प्रार्थना तुमच्या आईच्या भाषेत करा. मोठ्याने.

प्रार्थना

हे परमेश्वरा, ज्यांची मुलं हिसकावली गेली त्या आयांना तू विसरत नाहीस, म्हणून तुझे आभार. आम्हाला तुझी हाक ओळखायला शिकव आणि दुसऱ्याला ती ओळखायला मदत करू दे. कुणी आम्हाला नाकारलं तरी त्यांच्यासाठी प्रार्थना करायचं बळ दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.

उद्याचं वाचन: १ शमुवेल ४. प्रभू तुम्हाला आशीर्वाद देवो.