मोडक्या पाट्याची पटाशी



गाळप हंगाम सुरू झाला की गावचा सुतार हाताशी लागत नाही. बैलगाडीचे जू, कोयत्याची मूठ, कुदळीचा दांडा, सगळ्यांची कामे एकदमच निघतात. म्हणून पुष्कळ सभासद किरकोळ सुतारकाम घरीच करू लागले आहेत, आणि शेतकी खात्याच्या आम्हा मंडळींकडे बेण्याबरोबर पटाशीचीही चौकशी होते! पटाशी घरी करता येते. फक्त पोलाद कोणते घ्यायचे हे आधी समजले पाहिजे.

आपल्याकडच्या कित्येक घरांतले भाऊबंद नवी मुंबईत माथाडी काम करतात. तेथे कळंबोलीला सिडकोने वसवलेला लोखंड-पोलादाचा मोठा बाजार आहे. सळई, पट्टी, अँगल, पत्रा यांच्या थप्प्या पाहून माणूस हरखतो, आणि गावी येताना दोन हात पट्टी आणावी असे वाटणारच. पण ही बाजारातली साधी पट्टी बांधकामाचे नरम लोखंड असते. त्यात कार्बन शंभर भागांत जेमतेम पाव भाग. ते लाल करून पाण्यात बुडवले तरी कडक होत नाही. त्याची पटाशी दिसायला झकास, पण बाभळीच्या गाठीवर चार ठोके पडले की धार वळलीच म्हणून समजा. यात दुकानदाराचा दोष नाही, त्याने मागितले ते दिले.

आपल्याला हवे ते पोलाद बहुधा घरामागेच गंजत पडलेले असते. ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या स्प्रिंगचा मोडका पाटा! त्यात कार्बन अर्धा टक्का किंवा थोडा जास्त असतो आणि तो पाणी धरतो. जुन्या कानशीत एक टक्क्याच्या वर असतो. कानस घेतली तर तिचे दाते घासून पूर्ण काढावेत, कारण तडा दात्याच्या मुळातूनच सुरू होतो. पाट्यावरही चीर आहे का ते नीट पाहावे.

पाटा तसाच कापायला घेऊ नका. नवी कानस त्यावर घसरली तर हॅकसॉचे पातेही टिकणार नाही. आधी तो शेगडीत लाल करावा. तारेला बांधलेले चुंबक चिकटेनासे झाले की ताव पुरेसा झाला. मग कोरड्या राखेत पुरून रात्रभर निवू द्यावा. सकाळी कानस त्याला चावते. हे काम पाचटापासून आणि उभ्या उसापासून लांब, पाण्याची बादली जवळ ठेवूनच करावे. हंगामात एक ठिणगी किती महाग पडते ते आम्ही सांगायला नको.

आता कापणी. सहा-आठ मिलिमीटर जाडीला इंचाला १८ किंवा २४ दात्यांचे पाते घ्यावे. पातळ पत्र्याला ३२ दात्यांचे. नियम इतकाच की निदान तीन दाते एका वेळी धातूवर टेकले पाहिजेत, नाहीतर ते मोडतात. दाते पुढच्या दिशेला असावेत. पुढे जाताना दाब, मागे येताना सैल हात, मिनिटाला चाळीस-पन्नास फेऱ्या. घाईने पाते तापते आणि बोथट होते. तेलाचा थेंब टाकत राहावे. लांबीने चिरताना चौकट आड येते, तेव्हा पाते चौकटीत आडवे फिरवून बसवावे. ते कष्ट नको असतील तर आखलेल्या रेषेबाहेर ड्रिलने ओळीने भोके पाडून मधली जागा छन्नीने तोडावी. इंचभर रुंद, आठ इंच लांब तुकडा पुरतो. त्यातले मागचे दोन इंच मुठीत जाण्यासाठी निमुळते करावेत.

काहीजण विचारतात, ग्राइंडरने का नको? नरम केलेला तुकडा ग्राइंडरने कापायला हरकत नाही. पण पाणी दिल्यानंतर ग्राइंडरवर धार निळी पडली की तिथले पाणी उतरलेच.

कानशीने पंचवीस अंशांचा उतार काढावा, पण टोक नाण्याच्या कडेएवढे जाड ठेवावे, पातळ टोक पाणी देताना तडकते. पुढचे दीड-दोन इंचच पुन्हा लाल करून गोडेतेलात सरळ बुडवावेत. पाट्याला साधे पाणी नको, चिरण्याची भीती असते. तेल पत्र्याच्या डब्यात, उघड्यावर, झाकण शेजारी. तेल पेटले तर झाकण टाका, पाणी कदापि ओतू नका.

इतके झाले की पटाशी कडक असते, पण काचेसारखी ठिसूळ. अशी पटाशी ठोकली तर टवका उडून डोळ्यात जाईल. म्हणून तिचा कडकपणा थोडा उतरवायचा. एक बाजू घासून चकचकीत करावी आणि मुठीकडून हलके तापवावे. रंग सरकत धारेकडे येतात, आधी फिकट पिवळा, मग तपकिरी, जांभळा, निळा. धारेवर वाळल्या गवताचा पिवळा रंग, म्हणजे सुमारे सव्वादोनशे अंश, आला की लगेच गार करावी. निळा होऊ दिला तर पुन्हा सगळे पहिल्यापासून. घासताना, ठोकताना डोळ्यांवर चष्मा हवाच.

धार शेवटी दगडावर पाणी टाकून लावावी. मूठ वाळल्या बाभळीची, आणि तोंडाला शेंबी बसवावी, जुन्या लोखंडी नळीचे अर्ध्या इंचाचे कडे चालते. ते कडे कापायला मात्र ३२ दात्यांचे पाते घ्या.