बाटल्या कपाटात ठेव, आधी पाणी मोज

अगं, टाकीतलं कोरल पांढरं पडलं म्हणून लगेच दुकानाकडे धावू नकोस. तिथे प्रत्येक दुखण्यावर एक बाटली मिळते आणि घाबरलेल्या गिऱ्हाइकाला तीन. त्यापेक्षा भिंग घे आणि काचेशी निवांत बस. पांढऱ्या भागावर पातळसा मांसल थर दिसतोय का? रात्री पॉलिप्स बाहेर येतात का? येत असतील तर कोरल जिवंत आहे, त्याच्या पेशींत राहणारं सूक्ष्म शैवाल तेवढं निघून गेलंय. हेच ब्लीचिंग, आणि त्यातून कोरल सावरू शकतं. थर सोलवटून खालचा खडबडीत सांगाडा उघडा पडला असेल, तर मात्र दुखणं वेगळं. सोलवटण्याची कड बुडापासून हळूहळू वर सरकत असेल तर हातात वेळ आहे. रात्रीत निम्मं सोलवटलं असेल तर शाबूत टोकं कापून वेगळी लाव, बाकीच्यावर पाणी सोड.

मग मोजमाप. तापमान 25-26 अंश, आणि त्यासाठी हीटरच्या बटणावर भिस्त नको, वेगळा थर्मामीटर लाव. सॅलिनिटी 35, पण रिफ्रॅक्टोमीटर 35च्याच तयार द्रावणाने तपासलेला हवा. पाणी उडतं, मीठ टाकीतच राहतं, म्हणून रोजची भर बिनमिठाच्या पाण्याची. तेही आरओ-डीआयचं, टीडीएस शून्य.

खरी मेख अल्कलिनिटीत असते. तिचं माप म्हणजे डीकेएच, ते आठ हवं की नऊ, यावर लोक तावातावाने भांडतात. माझं म्हणणं, साडेसात असलं तरी चालेल, पण ते साडेसातच राहू दे. आज साडेसात आणि परवा दहा झालं की अ‍ॅक्रोपोराची टोकं जळालीच म्हणून समज. दिवसाला एक डीकेएचपेक्षा जास्त चढवायचं नाही. कॅल्शियम 400 ते 450 आणि मॅग्नेशियम 1300च्या आसपास असलं, की त्यांच्या मागे लागू नकोस.

तुमच्या न्यू जर्सीत थंडीत आणखी एक भानगड होते. दारं-खिडक्या बंद, गॅसवर पुऱ्या तळणं चालू, घरात दहा पाहुणे. हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढतो, पाण्यात उतरतो आणि पीएच 7.8च्याही खाली जातो. लोक पीएच वाढवायची पावडर ओततात. त्याने पीएच तासाभरापुरता वर जातो, अल्कलिनिटी मात्र चढून बसते. औषध फुकटचं आहे: खिडकी किलकिली कर, किंवा स्किमरची हवेची नळी बाहेर सोड.

आणि तो स्वच्छतेचा सोस आवर, बाई! नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य म्हणजे कोरल उपाशी. ती फिकी पडतात आणि वाळूवर बुडबुड्यांची तपकिरी चिकट साय धरते. नायट्रेट पाचाच्या आसपास, फॉस्फेट 0.05 असू दे की. उलट कोरलच तपकिरी होत चाललं असेल तर ही दोन वाढलीत किंवा उजेड कमी पडतोय.

माशांचं तांब्याचं औषध या टाकीत थेंबभरसुद्धा नको, कोरल आणि कोळंबी दोन्ही जातील. कोरलचा नवा तुकडा आणलास तर डिप करूनच, म्हणजे औषधाच्या पाण्यात बुडवूनच, आत सोड. झोअँथिड जातीच्या पॉलिप्सना हातमोज्यांशिवाय हात लावू नकोस आणि ते चिकटलेला दगड कधीही उकळू नकोस. त्यातलं पॅलिटॉक्सिन वाफेतून माणसाला हॉस्पिटलात पोचवतं. आणि हो, आईकडे आलीस की मालवणहून एखादा तुकडा न्यावा असं मनातही आणू नकोस. दगडी प्रवाळ आपल्याकडे वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, वाघाच्या पंगतीला.

आठवडाभर रोज एकाच वेळी मोज आणि आकडे वहीत लिही. एका वेळी एकच गोष्ट बदल. मग मला फोटो पाठव, पण पांढऱ्या दिव्यात काढलेले. निळ्या उजेडात मेलेलं कोरलही ठणठणीत दिसतं.