निवृत्ती कोणाची?
(उष्ण प्रदेशातील सेवानिवृत्त गृहस्थाच्या दिनक्रमाचा गीतेच्या आधारे विचार)

'सेवानिवृत्त' हा शब्द आपल्या बोलण्यात इतका रुळला आहे की, त्यातील 'निवृत्ति' हे पद शास्त्रातून आलेले आहे याचे स्मरण फारसे कोणाला होत नाही. 'वृत्' म्हणजे वर्तणे, फिरत राहणे. त्याला 'नि' उपसर्ग लागला म्हणजे परत फिरणे, थांबणे असा अर्थ होतो. गीतेत प्रवृत्ति आणि निवृत्ति ही दोन पदे जोडीने दोन ठिकाणी आली आहेत. सोळाव्या अध्यायाच्या सातव्या श्लोकात, आसुरी स्वभावाच्या लोकांना या दोहोंपैकी एकही कळत नाही असे म्हटले आहे. आणि अठराव्या अध्यायाच्या तिसाव्या श्लोकात, या दोहोंना जी जाणते ती बुद्धी सात्त्विक असे म्हटले आहे. कोणत्या वयात थांबावे हे सरकार ठरविते. केंद्र सरकारच्या सेवेतील ५५ वर्षांची मर्यादा १९६२ साली ५८ झाली आणि १९९८ साली ६० झाली. परंतु कशापासून परत फिरावयाचे, हे मात्र कोणत्याही नियमावलीत लिहिलेले नसते.

या प्रश्नाचा विचार करताना दुसऱ्या अध्यायातील एकोणसाठावा श्लोक व्याकरणाच्या अंगाने नीट पाहावा. तेथे 'वृत्' हाच धातू 'वि' आणि 'नि' असे दोन उपसर्ग घेऊन आला आहे. आता त्या क्रियापदाचा कर्ता कोण? आपण सहज म्हणू, मनुष्य. पण तसे नाही. देही म्हणजे मनुष्य तेथे षष्ठी विभक्तीत आहे. कर्ता आहेत 'विषय'. आहार सोडलेल्या मनुष्यापासून विषय परत फिरतात, तो मनुष्य विषयांपासून फिरला असे भगवंतांनी म्हटलेले नाही. शिवाय लगेच एक अपवाद सांगितला आहे: रस मात्र मागे राहतो. 'रस' म्हणजे विषयांविषयीचा राग, म्हणजे ओढ, असा अर्थ आचार्यांनी भाष्यात केला आहे.

हे वाचल्यावर पेन्शनीत निघालेल्या गृहस्थाची स्थिती किती स्पष्ट दिसू लागते! खुर्ची गेली, घंटी गेली, सहीसाठी वाट पाहणारी माणसे गेली. हे सर्व विषय निवृत्त झाले. अधिकाराचा रस मात्र बिऱ्हाडासकट घरी आला. कचेरीत ज्याला चाळीस कारकुनांची हजेरी पाहावी लागे, तो आता भाजीवाल्याच्या हिशेबाची, दूधवाल्याच्या मापाची आणि सूनबाईच्या येण्याजाण्याची हजेरी पाहतो.

येथे कोणी म्हणेल, पूर्वी यासाठीच वानप्रस्थ होता. आता वन उरले नाही, मग उपाय काय? या शंकेत अर्धेच सत्य आहे. अंगावर सुरकुत्या, केसांत पांढरेपणा आणि मांडीवर नातू दिसला की वनात जावे, असे मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात आहे हे खरे. पण त्याच ग्रंथात घरीच राहणाऱ्याचीही सोय केलेली आहे. चौथ्या अध्यायाच्या शेवटी (४.२५७) तीन ऋणांतून मुक्त झालेल्या गृहस्थाने सर्व काही पुत्राच्या स्वाधीन करून मध्यस्थ वृत्तीने राहावे असे सांगितले आहे, आणि सहाव्या अध्यायात (६.९५) पुत्राच्या सत्तेखाली 'सुखाने' राहावे असे स्पष्ट म्हटले आहे. सत्ता पुत्राची आणि सुख आपले! हे दोन्ही एका वाक्यात बसविणारा शास्त्रकार संसाराला चांगला ओळखत होता, असे म्हणावे लागते. मध्यस्थ म्हणजे मध्ये पडणारा नव्हे, हेही जाता जाता लक्षात घ्यावे.

सुख हा शब्द शास्त्राने स्वतः वापरलेला असल्यामुळे उत्तरवयातील लहानसहान सुखांकडे नाक मुरडण्याचे कारण नाही. या सुखांना प्रदेशाचे हवामान आकार देते. नागपूरचेच उदाहरण घेऊ. वैशाखात तेथे पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो, आणि मे महिन्याच्या २५ तारखेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरला की नवतपा सुरू होतो. अशा गावी सकाळी आठाच्या आत बाहेरची कामे उरकावी लागतात. सेवानिवृत्ताला प्रथमच या सकाळीवर स्वामित्व मिळते. पाचाला उठून गच्चीवरची अंथरुणे गुंडाळावी, कडुनिंबाच्या मोहराचा वास घेत मैलभर पायी जाऊन यावे. सहाव्या अध्यायाच्या सतराव्या श्लोकात आहार आणि विहार 'युक्त' असावा असे म्हटले आहे. तेथील विहार शब्दाचा अर्थ भाष्यकारांनी पायांनी चालणे असाच दिला आहे. सकाळी फिरावयास जाणाऱ्या वृद्धाला आपण योगाच्या अध्यायातील एक पद आचरीत आहोत याची कल्पनाही नसते.

दहा वाजले की वाळ्याच्या पडद्यांवर पाणी मारावे किंवा कूलरच्या टाकीत भरावे, दारे लोटावी, आणि अंधाऱ्या खोलीत पोथी घेऊन बसावे. जेवणात ताक, कांदा, कैरीचे पन्हे. नंतर झोप. या दुपारच्या झोपेविषयी पुष्कळ सज्जनांच्या मनात अपराधाची भावना असते, कारण गीता अतिनिद्रेचा निषेध करते. त्यांनी वाग्भटाचा आधार घ्यावा. अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानात दिवसा झोपणे इतर ऋतूंत कफपित्त वाढविणारे म्हटले आहे, पण ग्रीष्मात ते हितकर मानले आहे; रात्री लहान असतात, शरीरात रूक्षता येते आणि वायूचा संचय होतो ही कारणेही दिली आहेत. तेव्हा वैशाखातील तासभर झोप युक्त आहे. तीच झोप मार्गशीर्षात घेतली तर ती कोणत्या सदरात जाईल, हे अठराव्या अध्यायाचा एकोणचाळिसावा श्लोक वाचून ज्याचे त्याने ठरवावे. तेथे निद्रा, आळस आणि प्रमाद यांतून निघणाऱ्या सुखाला तामस म्हटले आहे.

आहाराविषयीही असाच खुलासा आहे. सतराव्या अध्यायात कडू, आंबट, खारट, तिखट इत्यादी पदार्थ राजसांना प्रिय म्हणून सांगितले आहेत, आणि त्यामुळे लोणच्याची बरणी पाहून भाविक मनुष्य चपापतो. आचार्य म्हणतात की तेथील 'अति' हा शब्द केवळ उष्णाशी न जोडता प्रत्येक पदाशी जोडावा. म्हणजे दोष अतिखारटाचा आणि अतितिखटाचा आहे. एक फोड क्षम्य.

येथपर्यंत सर्व सुलभ आहे. खरी अडचण दुपारी झोपेतून उठल्यावर सुरू होते.

दुसऱ्या अध्यायातील ६२ आणि ६३ या श्लोकांत विषयचिंतनापासून बुद्धिनाशापर्यंत उतरत जाणारी परंपरा सांगितली आहे. धन, राज्य, स्त्री अशा मोठ्या विषयांनाच ती लावण्याची आपल्याला सवय झाली आहे. ती चार वाजताच्या चहाला लावून पाहावी. कचेरीत असताना चहा केव्हा आला आणि केव्हा गार झाला हे कळतही नसे. आता सव्वातीनलाच घड्याळाकडे दृष्टी जाते. हे विषयाचे ध्यान. साडेतीनला स्वयंपाकघरात भांडे वाजते का, इकडे कान लागतो; हा संग. पावणेचारला, आज आले ठेचून घातलेलाच हवा, असे मनात ठरते, हा काम. चार वाजून दहा मिनिटे होतात आणि "या घरात वेळेला काही किंमत आहे की नाही?" हे वाक्य तोंडातून निघून जाते, हा क्रोध. मग संमोह. ज्या दहा मिनिटांना कालपर्यंत काहीच महत्त्व नव्हते, ती आता अपमानासारखी वाटू लागतात. मोठे विषय निघून गेल्यामुळे सर्व रस या एका पेल्यात साचलेला असतो.

त्यापुढची पायरी स्मृतिभ्रंशाची. शास्त्राने आणि आचार्यांनी केलेल्या संस्काराची आठवण नष्ट होणे, असा तिचा अर्थ भाष्यात आहे. आपल्या गृहस्थाची त्याहून साधी आठवणही नष्ट होते. जिला हे वाक्य ऐकावे लागले तीही साठीच्या घरात आहे. याच पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात ती सकाळपासून शेगडीसमोर उभी होती. तिचे गुडघे दुखतात. आणि तिला सेवानिवृत्तीचा कागद आजवर कोणत्याही सरकारने दिलेला नाही. घरात दोघे वृद्ध झाले, निवृत्त मात्र एकच झाला. उलट त्याच्या निवृत्तीने दुसरीचे काम वाढले, कारण जो दहा ते सहा बाहेर असे तो आता दिवसभर घरात आहे. इतके विसरले म्हणजे बुद्धिनाशाला वेळ लागत नाही. संध्याकाळी कोणी कोणाशी बोलत नाही, मुलगा दोघांच्या मध्ये उभा राहून कोणाची बाजू घ्यावी या विवंचनेत पडतो, आणि सूनबाई नातवाला घेऊन आतल्या खोलीत जाते. गीतेने 'प्रणश्यति' हे पद वापरले आहे. पुष्कळ घरांचे सौख्य याच मार्गाने गेलेले आपण पाहतो. त्याला मोठे निमित्त लागलेले नसते.

मग चहा सोडावा काय? चौसष्टावा श्लोक तसे सांगत नाही. तो विषयांमध्ये 'चरन्', म्हणजे वावरणाऱ्या, मनुष्याविषयी आहे. इंद्रिये आपल्या स्वाधीन आणि रागद्वेषांपासून सुटलेली असली, तर विषयांत वावरूनच प्रसाद मिळतो असे त्याचे प्रतिपादन आहे. प्रसाद हा शब्द मराठीत पेढ्याशी आणि शिऱ्याशी इतका जखडला गेला आहे की मूळ अर्थ सांगितल्याशिवाय चालत नाही. संस्कृतात गढूळ पाणी निवळले की ते 'प्रसन्न' झाले असे म्हणतात. मनूने वानप्रस्थाच्या आणि संन्यासाच्या त्याच सहाव्या अध्यायात (६.६७) कतकाचा दृष्टांत दिला आहे. कतक म्हणजे आपली निवळी. तिचे बी पाण्याला प्रसन्न करते हे खरे, पण तिचे नुसते नाव घेतल्याने पाणी निवळत नाही. बी उगाळून घालावे लागते.

उगाळणे म्हणजे काय, ते प्रत्येकाने आपल्या घरी पाहावे. उष्ण गावातील घरात रात्री माठ भरणे हे एक रोजचे काम असते. माठाच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी झिरपते, कोरड्या हवेत त्याची वाफ होते, आणि त्या वाफेबरोबर आतील उष्णता निघून जाते. म्हणून नागपूर-इंदूरकडे माठ चांगला गार होतो आणि रत्नागिरीस किंवा मद्रासेस, हवेत ओल असल्यामुळे, तितका होत नाही. तेथील वृद्धांचे सुख निराळे. ते दुपारच्या समुद्रवाऱ्याची वाट पाहतात. असो. हा माठ घासणे, भरणे, त्याला ओले फडके गुंडाळणे निवृत्त गृहस्थाने स्वतःकडे घ्यावे. साडेतीनला घड्याळाकडे पाहण्याऐवजी उठून शेगडी पेटवावी आणि चहाचे दोन पेले स्वतः करावे. प्रथम आले जास्त पडेल, साखर कमी पडेल, "अहो, राहू द्या, मी करते," असेही ऐकावे लागेल. ते ऐकून परत खुर्चीत बसू नये.

अठराव्या अध्यायाच्या ३६ आणि ३७ या श्लोकांत सात्त्विक सुखाची हीच खूण दिली आहे. त्यात मन अभ्यासाने रमते. ते आरंभी विषासारखे वाटते आणि परिणामी अमृतासारखे होते. अडतिसाव्यातील राजस सुखाचा क्रम याच्या उलट आहे. 'परिणाम' या पदावर थोडे थांबावेसे वाटते. शाकुंतलाच्या प्रस्तावनेत कालिदासाने ग्रीष्माचे वर्णन घातले आहे: पाण्यात डुंबण्याचे, सावलीत सहज डोळा लागण्याचे हे दिवस शेवटास रमणीय असतात असा त्याचा आशय आहे, आणि तेथेही त्याने 'परिणाम' हाच शब्द योजला आहे. ज्याने मे महिन्यातील नागपुरी दुपार सोसली आहे त्याला सायंकाळी अंगणात पाणी शिंपडल्यावर उठणाऱ्या मातीच्या वासाचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही. पण दिवसाचा परिणाम सूर्य स्वतः घडवितो. आयुष्याचा तसा घडत नाही. तेथे 'अभ्यास' हे पद गीतेने मुद्दाम घातले आहे.

अभ्यास घराबाहेरही वाढविता येतो. अक्षय्यतृतीयेला पाण्याने भरलेला कुंभ दान देण्याची आपली चाल आहे. पुष्कळ गावांत याच सुमारास रस्त्यावर पाणपोई लागते आणि मृग लागेपर्यंत चालते. तिला सकाळी रांजण भरणारा आणि दुपारी ओगराळ्याने पाणी वाढणारा माणूस हवा असतो, तरुणांना त्या वेळी सवड नसते. सतराव्या अध्यायाच्या विसाव्या श्लोकात दानाला देश, काल आणि पात्र पाहावे, आणि ज्याच्याकडून उलट उपकार होणार नाही त्याला द्यावे, असे सांगितले आहे. वैशाखातील भर बारा वाजता डांबरी रस्त्यावरून हातगाडी ओढीत येणाऱ्या मनुष्याला पाणी देताना या चारांपैकी एकही गोष्ट शोधावी लागत नाही. पेन्शनर मंडळींनी आठवड्याचे दिवस आपसांत वाटून घ्यावे. रांजण निंबाच्या सावलीत, जमिनीपासून हातभर उंच, वाळूवर ठेवावा, म्हणजे वारा खालूनही लागतो. दोन तास बसावयाचे असल्यास सोबत लहान पोथी न्यावी. ती वाचून होईल असा भरवसा मात्र धरू नये, कारण दर ओवीला कोणीतरी तहानलेला येतो.