खिमा घ्या, पण डोळ्यांदेखत

मटण घेताना माणूस फार चोखंदळ असतो. मांडीचं द्या, नळी टाका, चरबी काढा, बारीक तुकडे करा, अशा दहा सूचना देतो. खिम्याची पाळी आली की मात्र ‘अर्धा किलो खिमा द्या’ एवढं म्हणून पिशवी पुढे करतो. वास्तविक उलटं हवं. तुकड्याला लपवाछपवी जमत नाही. त्याचा रंग दिसतो, हाड दिसतं, रेषा दिसतात, बोटाने दाबून बघता येतं. एकदा मशीनीतून निघालं की कोवळं-जून, ताजं-शिळं, बोकड-मेंढी सगळं एकजीव होतं. म्हणून आमच्या घरात आता नियमच आहे: तयार खिमा आणायचा नाही, समोर उभं राहून करून घ्यायचा.

हा नियम आखाडातल्या एका रविवारी घातला गेला. श्रावण तोंडावर आला की बार्शीत मटणाच्या दुकानांपुढे सकाळपासून रांगा लागतात. घरी नणंदेची माणसं आली होती. रांग टाळायची म्हणून पुतण्याने एका दुकानातून ताटात आधीच मांडून ठेवलेला खिमा आणला. कढईत टाकला तर तो परतायच्या ऐवजी उकळायलाच लागला. भसाभसा पाणी सुटलं, कडेने पांढरट फेस धरला, जरा आंबूस वासही आला. पण आलं-लसूण आणि काळा मसाला पडल्यावर कसला वास नि कसलं काय! अर्ध्याचा रस्सा झाला. उरलेल्या कच्च्या खिम्याचे पोरांसाठी पॅटीस केले, वरून छान खरपूस झाले. रात्री दोन्ही पोरांना उलट्या-जुलाब सुरू झाले आणि पहाटे सलाईन लावायची वेळ आली. रस्सा खाल्लेली आम्ही मोठी माणसं मात्र ठणठणीत.

पोरांना तपासणाऱ्या डॉक्टरांनी यातलं इंगित सांगितलं. अख्ख्या तुकड्यावर जंतू असले तर ते बहुतेक वरच्या वर असतात. तुकडा शिजताना बाहेरची बाजू आधी तापते आणि ते मरतात. खिमा करताना ती बाहेरची बाजूच आत मिसळली जाते. त्यामुळे खिमा आतपर्यंत, कणाकणाला शिजायला हवा. शास्त्राच्या भाषेत बोकड-मेंढीच्या खिम्याचं तापमान ७१ अंश सेल्सिअसला आणि कोंबडीचं ७४ अंशांना पोचायला हवं. आपल्या स्वयंपाकघरात थर्मामीटर नसतो. पण रस्सा खदखदून उकळला की हे तापमान केव्हाच ओलांडलेलं असतं. धोका असतो तो तव्यावरच्या पॅटीसला आणि कबाबाला, कारण वरचा रंग आतलं काहीच सांगत नाही. म्हणून पॅटीस करायचे तर खिमा आधी पूर्ण शिजवून, कोरडा करून मगच बटाट्याच्या पारीत भरावा. आपल्याकडे जुन्या बायका असंच करायच्या.

बोकड की मेंढी

बार्शी धाराशिवला लागून आहे. इकडच्या दुकानात लटकलेला बोकड पुष्कळदा उस्मानाबादी जातीचा असतो. काळीभोर, लांब कानांची, जुळी-तिळी देणारी ही शेळी धाराशिव, लातूर, सोलापूर या पट्ट्याचीच. तिचं मटण खिम्याला उत्तम. मेंढीच्या मटणात चरबी जास्त, वास उग्र. पण ज्यांच्या घरी वाडेबोल्हाईच्या देवीमुळे शेळी-बोकड चालत नाही, त्यांना ‘बोल्हाईचं’, म्हणजे मेंढीचंच घ्यावं लागतं. अशा घरांनी तर तयार खिम्याच्या वाटेला जाऊच नये. कारण आधीच्या गिऱ्हाइकाचं मशीनीत अडकलेलं थोडं मांस पुढच्याच्या पिशवीत जातं, आणि ते कुणाच्या डोळ्याला दिसत नाही. हीच अडचण ‘मोठ्याचं’, म्हणजे गाई-म्हशीचं मांस, न खाणाऱ्यांची. महाराष्ट्रात गायीच्या कत्तलीला आधीपासूनच बंदी होती, २०१५ मध्ये लागू झालेल्या कायद्यातल्या सुधारणेपासून बैल आणि वळू यांच्या कत्तलीलाही बंदी आहे. म्हशीच्या मांसाला नाही. ते खाणारे खातात, त्यात काही वावगं नाही. पण न खाणाऱ्याला ते नकळत खावं लागू नये. वाटलेल्या मांसाची जात नुसत्या नजरेने ओळखता येत नाही. त्यासाठी हैदराबादच्या राष्ट्रीय मांस संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी डीएनए तपासणी करावी लागते. रविवारच्या रांगेत ती कोण करणार?

आता आम्ही घेतो ते असं. आधी तुकडा निवडायचा. नुसत्या मांडीचा खिमा कोरडा होतो, म्हणून निम्मी मांडी आणि निम्मा खांदा किंवा गर्दन, थोडी चरबी ठेवून. तुकडे धुऊन, निथळून घ्यायचे आणि मगच खिमा करायला सांगायचं. वाटलेला खिमा धुतला की त्याचा रसच पाण्याबरोबर वाहून जातो आणि शिंतोडे ओट्याभर उडतात. मशीनचा की हाताचा, हे पदार्थावर ठरवायचं. आमच्या नेहमीच्या दुकानदार मामांनी एकदा सत्तूर उचलून सांगितलं होतं, “ताई, भाकरीसंगं खायचाय तर हाताचाच न्या. मशीनीचा पार लगदा होतो, दाताखाली काही येत नाही.” त्यांनी ओंडक्यावर तुकडे पसरले, उभे-आडवे वार करत घडी घालत गेले आणि ज्वारीच्या दाण्याएवढा खिमा झाल्यावर थांबले. खिमा-पाव, खिमा-मटार, सुक्का खिमा याला हाच हवा. कोफ्ते किंवा शामी कबाब करायचे असतील तर मात्र मशीनमधून दोनदा काढलेला बारीक खिमा घ्यावा, नाहीतर गोळे फुटतात.

आणलेला खिमा त्याच दिवशी शिजवावा. फ्रिजमध्येही एक-दोन दिवसांपलीकडे ठेवू नये. आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नसतो, तेव्हा फ्रिजच्या भरवशावर आठवड्याचा साठा करणं धोक्याचंच.

कोंबडीचा खिमा

मटणाचा भाव कोंबडीच्या तिपटीच्या घरात गेल्यापासून चिकनचा खिमा घरोघरी आलाय. त्याला मटणाच्या खिम्यासारखं वागवलं की तो बिघडतो. बोकडाचा खिमा मंद आचेवर अर्धा-पाऊण तास शिजवा, तो मऊच होत जातो. कोंबडीचा पंधरा मिनिटांत शिजतो. त्यापुढे त्याचा रबर होतो. छातीच्या मांसात चरबी जवळजवळ नसते, म्हणून नुसत्या छातीचा खिमा घेऊ नये, तंगडीचं मांस मिसळून घ्यावं. काळा मसालाही बेतानेच घालावा, नाहीतर कोंबडीची चव पार बुडते. आणि तो कच्चा असताना ज्या विळीला, ताटाला, हाताला लागला, ते सगळं साबणाने धुतल्याशिवाय कांदा-कोथिंबिरीला हात लावू नये.

सोयाबीनची वडी

आमच्या यजमानांचं कोलेस्टेरॉल वाढलं आणि डॉक्टरांनी मटण कमी करा म्हणून सांगितलं. तेव्हा घरात सोयाबीनचा चुरा आला. सोयाबीन आम्हाला नवं नाही. खरिपात तालुक्यात ते पेरलं जातं, जेएस ३३५ आणि फुले संगम ही वाणांची नावं शेतकऱ्यांच्या तोंडी असतात. मार्केट यार्डातून ते गिरणीला जातं, तेल निघतं, मागे पेंड उरते. तीच पेंड मक्याबरोबर ब्रॉयलर कोंबडीच्या खाद्यात पडते. माणसांसाठी केलेल्या तेल काढलेल्या पिठाला उष्णता आणि दाब देऊन यंत्रातून काढलं की त्याची वडी किंवा चुरा होतो. म्हणजे सोयाचा खिमा आणि कोंबडीचा खिमा, दोन्ही शेवटी एकाच दाण्यावर उभे.

पाकिटावर शंभर ग्रॅमला ५२ ग्रॅम प्रथिनं असं लिहिलेलं असतं आणि मटणात वीसच्या आसपास. हे वाचून हुरळून जाऊ नका. ५२ चा आकडा कोरड्या वडीचा आहे. भिजली की ती वजनाच्या दुपटीने पाणी पिते. ताटातल्या शंभर ग्रॅम भिजलेल्या वडीत प्रथिनं सतरा-अठराच भरतात. म्हणजे मटणाच्या जवळपास बरोबरी. तीही वाईट नाही. पण बी-१२ जीवनसत्त्व सोयाबीनमध्ये नाही, आणि त्यातलं लोह मांसातल्या लोहासारखं सहज अंगी लागत नाही. घरात कुणाचं हिमोग्लोबिन कमी असेल तर मांसाहार एकदम बंद करून सगळा भार सोयावर टाकू नये. आधी डॉक्टरांना विचारावं.

सोयाचा खिमा बहुतेकांना आवडत नाही, त्याला कारणं दोन: हिरवट वास आणि चोथट चव. चुरा मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवावा, गार पाण्याने दोन-तीनदा धुवावा आणि मुठीत घेऊन घट्ट पिळावा. ही पिळण्याची पायरी टाळली की मसाला आत शिरत नाही, कारण आत आधीच पाणी भरलेलं असतं. मग तो थोड्या तेलावर वेगळा, तांबूस होईपर्यंत परतावा. यातलं तेल गिरणीतच निघून गेलेलं असतं. मटण स्वतःची चरबी सोडतं, हा काही सोडत नाही. म्हणून कांदा-खोबऱ्याचं वाटण नेहमीपेक्षा सढळ हाताने घालावं. घरच्या रानातलं सोयाबीन वापरायचं असेल तर भिजवून नीट उकडल्याशिवाय वापरू नये. कच्च्या दाण्यात प्रथिनं पचू न देणारे घटक असतात, ते उष्णतेनेच निकामी होतात.

सासूबाई माळकरी. घरात मटण शिजलं की त्यांची भांडी आणि शेगडी वेगळी. मला वाटलं, निदान सोयाचा खिमा तरी सगळ्यांना एका पंगतीला खाता येईल. ताट पुढे ठेवलं तसं त्यांनी विचारलं, “हे काय गं?”

“आत्या, सोयाबीनचा खिमा. आपल्याच रानातलं असतं की ते.”

“असू दे. ज्याला तुम्ही खिमा म्हणता, ते माझ्या ताटात नको.”

पुढच्या एकादशीचा उपास सुटल्यावर त्याच सोयाच्या अख्ख्या वड्या मी येसूर लावून आमटीत सोडल्या. त्यांनी भाकरी कुस्करून दोनदा वाढून घेतली. तेव्हा ध्यानात आलं की मांसासारखं दिसणारं हे अन्न माळकऱ्यांसाठी नाहीच. ते आहे मटण खाणाऱ्यांसाठी, ज्यांना ते कमी करायचंय पण जीभ मानत नाही. ज्याने मांस कधी खाल्लंच नाही, त्याला त्याची नक्कल कशाला? त्याच्यासाठी पाटवडीचा रस्सा आहे, सांडग्याची आमटी आहे, डुबुकवडे आहेत, आणि त्यांची चव कुणापुढे कमी पडत नाही.

पाकिटातलं ‘मांस’

शहरात शिकणाऱ्या मुलांमुळे आता वनस्पतीपासून केलेल्या मांसाची पाकिटंही घरात येतात. शेजारच्या लातूरचे रितेश देशमुख आणि जेनेलिया यांनी २०२१ मध्ये ‘इमॅजिन मीट्स’ हा उद्योग सुरू केला, तो यातलाच. अमेरिकेत एका कंपनीचा भर वाटाण्याच्या प्रथिनांवर आहे, तर ‘इम्पॉसिबल फूड्स’ने आपल्या खोट्या मांसाला रक्ताची चव आणि लाली आणली ती सोयाबीनच्या मुळावरच्या गाठीतल्या एका प्रथिनाने, ते आता यीस्टकडून तयार करून घेतात. आपला शेतकरीही सोयाबीनचं रोप उपटून ती गाठ नखाने फोडून बघतो. आत लाल निघाली तर ती नत्र धरतेय, पीक जोरात आहे, असं समजतो.

या पाकिटांबाबत सांगणं एवढंच: मागची बाजू वाचा. हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी. मांसाहाराची खूण आता तपकिरी त्रिकोण आहे. शाकाहारी असलं म्हणजे हलकं असतंच असं नाही. काही पाकिटांत नारळाचं किंवा पामचं तेल आणि मीठ बऱ्यापैकी असतं. कोलेस्टेरॉल किंवा रक्तदाबासाठी मटण सोडून हे खाणार असाल तर तेला-मिठाचे आकडे आधी बघा. आणि घरात कुणाला सोयाची ॲलर्जी असेल तर ही पाकिटं त्याच्यासाठी नाहीतच.

आमच्या घरात अखेर मधला मार्ग निघाला. अर्धा किलो मटणाच्या खिम्याऐवजी पाव किलो हाताचा खिमा आणि तेवढाच भिजवून पिळून परतलेला सोया चुरा. मटण आधी शिजवायचं, त्याची चरबी आणि रस सुटल्यावर चुरा घालायचा, म्हणजे तो रस चुरा पितो. पाहुण्यांना फरक सांगितल्याशिवाय कळत नाही. मात्र सांगायचं. कोण काय खातं-टाळतं, कुणाला काय सोसत नाही, हे आपल्याला ठाऊक नसतं.

रोजच्या स्वयंपाकाला सोया, घाईच्या दिवशी कोंबडी, सणावाराला बोकड, यातलं काय निवडायचं ते तुमच्या खिशावर, प्रकृतीवर आणि श्रद्धेवर सोपवते. पण जे मांस वाटून घ्याल ते वाटताना तिथे उभे राहा, आणि दुकानदार “तयारच आहे की, घेऊन जा” म्हणाला तर सरळ दुसरं दुकान गाठा.