इंजिन बसलं, तरी गाडी जॅकवरच का?

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेत, कोलोरॅडोत असतो. त्याने जुनी फोर्ड व्हॅन घेतली, तिचं पेट्रोल इंजिन काढून मोठं डिझेल इंजिन बसवलं आणि आता तिला फोर-व्हील ड्राइव्ह करायला घेतलंय. पण वर्ष होत आलं, गाडी अजून जॅकवरच आहे. एवढं मोठं इंजिन बसल्यावर पुढची चाकं फिरवायला इतका वेळ का लागावा? शिवाय तो म्हणतो, कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर-व्हील लावायचंच नाही. मग हा खटाटोप कशासाठी? आणि आपल्या टेम्पो ट्रॅव्हलरला असं काही करता येईल का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : तुमच्या सगळ्या शंका रास्त आहेत. आधी इंजिन आणि फोर-व्हील यांची फारकत करू, कारण गोंधळाचं मूळ तिथेच आहे. इंजिन जोर तयार करतं. तो कोणत्या चाकांपर्यंत जावा, हे ठरवणं त्याच्या हातात नसतं. गाडी चिखलात रुतते तेव्हा जोर कमी पडलेला नसतो. चाक जागच्या जागी गरगर फिरत असतं, म्हणजे टायरच्या पकडीपेक्षा जोर जास्तच झालेला असतो. अशा वेळी मोठं इंजिन ते चाक आणखी वेगाने फिरवील आणि खड्डा आणखी खोल करील. फोर-व्हीलमध्ये तोच जोर दोनऐवजी चार टायरांवर वाटला जातो आणि चारही टायर आपापल्या पकडीपुरता भार उचलतात. तेव्हा भाच्याने इंजिन बदललं हे एक काम झालं, फोर-व्हील हे पूर्ण वेगळं काम आहे.

ही वाटणी करणाऱ्या पेटीला ट्रान्सफर केस म्हणतात. गिअरबॉक्समधून निघालेला जोर तिच्यात शिरतो. तिथून एक प्रोपेलर शाफ्ट मागे जातो आणि दुसरा पुढे. महिंद्राची जुनी जीप पाहिली असेल, तर गिअरच्या दांड्याजवळचे दोन आखूड दांडे आठवतील. ते याच पेटीचे. एकाने पुढची चाकं जोडायची, दुसऱ्याने ‘लो’ टाकायचा. लोमध्ये चाकांचा वेग कमी होतो आणि त्याच प्रमाणात जोर वाढतो. फोर्डच्या कित्येक मोठ्या पिकअपमध्ये हे प्रमाण २.७२ असतं, म्हणजे जोर जवळजवळ पावणेतीन पट. चढावर गाडीला खरी मदत होते ती याची, इंजिनाच्या आकाराची नव्हे.

आता भाच्याच्या व्हॅनकडे येऊ. फोर्डची ही व्हॅन १९६१ पासून २०१४ पर्यंत बनत होती, पण कारखान्यातून ती फोर-व्हील म्हणून कधी निघाली नाही. ज्यांना हवी ते पेनसिल्व्हेनियातल्या क्विग्लीसारख्या कंपन्यांकडून ती बदलून घेत, किंवा तुमच्या भाच्यासारखे अंगणात कामाला लागत. या व्हॅनला पुढे दोन आडव्या लोखंडी तुळया असतात. त्या गाडीचं वजन पेलतात, पण त्यांच्यातून चाकापर्यंत शाफ्ट नेण्याची सोयच नाही. त्यामुळे त्या काढून त्यांच्या जागी फोर्डच्याच सुपर ड्यूटी पिकअपचा पुढचा ॲक्सल घालतात. बहुतेकांची पसंती २००५ किंवा त्यानंतरच्या ॲक्सलला असते, कारण त्या वर्षापासून त्यावर कमानपाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग आल्या.

इथून अडचणींची साखळी सुरू होते. ॲक्सलवर डिफ्रन्शियलचा गोल डबा असतो. चाक खड्ड्यातून वर उसळलं की तो डबाही वर येतो आणि तिथे नेमकं इंजिनाचं ऑइल सम्प असतं. दोन्ही एकमेकांवर आदळू नयेत म्हणून गाडी उचलावी लागते. शिवाय हा डबा डाव्या बाजूला असेल, तर ट्रान्सफर केसमधून पुढे जाणारा शाफ्टही डावीकडूनच निघायला हवा. फोर्डचा डबा डावीकडे असतो. दुसऱ्या कंपनीची उजवीकडची ट्रान्सफर केस कितीही स्वस्तात मिळाली, तरी ती त्याच्या कामाची नाही.

सगळ्यात काटेकोर काम आहे ते ॲक्सलमधल्या क्राउन आणि पिनियन या दातेरी चाकांच्या प्रमाणाचं, आणि वेळ बहुधा तिथेच जातो. समजा, मागच्या ॲक्सलच्या क्राउनला ४१ दाते आहेत आणि पिनियनला १०. म्हणजे शाफ्टचे ४.१० फेरे झाले की चाकाचा एक फेरा होतो. भंगारातून आणलेल्या पुढच्या ॲक्सलमध्ये दाते ४१ आणि ११ निघाले, तर तिथलं प्रमाण ३.७३ होतं. फरक किरकोळ वाटतो. पण शाफ्टचे ४१ फेरे झाले की मागचं चाक १० वेळा फिरणार आणि पुढचं ११ वेळा. ३३ इंची टायरचा एक फेरा सुमारे २.६ मीटरचा असतो. म्हणजे गाडी २६ मीटर जाईपर्यंत पुढची चाकं मागच्यांपेक्षा २.६ मीटर जास्त जाऊ पाहणार. तेवढं अंतर जायला जागाच नसते, त्यामुळे टायर घासतात, शाफ्ट पिळवटतो, आणि शेवटी साखळीतला सगळ्यात कच्चा भाग तुटतो.

हे तपासायची रीत साधी आहे. ॲक्सलची दोन्ही चाकं जॅकवर उचलायची, टायरवर आणि शाफ्टवर खडूने एकेक खूण करायची. मग दोन्ही चाकं बरोबरीने एक फेरा फिरवायची आणि शाफ्ट किती वेळा फिरला ते मोजायचं. चार फेरे पुरे होऊन खूण किंचित पुढे गेली तर ४.१०. चौथ्या फेऱ्यात पाऊण वाटेवर थांबली तर ३.७३. डब्यावरच्या पत्र्याच्या चिठ्ठीपेक्षा ही खडूची खूण जास्त भरवशाची, कारण आतले दाते आधीच्या मालकाने बदललेले असू शकतात.

टायर मोठे केले की हिशेब पुन्हा हलतो. २९ इंचाऐवजी ३३ इंची टायर घातले, तर ४.१० चं प्रमाण प्रत्यक्षात ३.६० सारखं वागतं. पेट्रोल इंजिनाला ते जड जातं, कारण त्याचा जोर बराच वर, जास्त फेऱ्यांवर येतो. डिझेलला मात्र ते मानवतं. त्याचा जोर कमी फेऱ्यांवरच तयार असतो आणि त्याला जास्त फेऱ्यांची हौसही नसते. भाच्याने डिझेल निवडण्याचं कारण मला वाटतं हे असावं आणि तसं असेल तर त्याने नीट विचार केलेला आहे. त्याला फक्त स्पीडोमीटर जुळवून घ्यायला सांगा. नाहीतर काटा ८० दाखवील तेव्हा गाडी ९१ च्या वेगाने धावत असेल.

गाडी उचलली की शाफ्टचा उतारही तिरपा होतो. शाफ्टच्या टोकाचा क्रॉस जॉइंट तिरपा चालला, तर इंजिन एकसारखं फिरत असूनही शाफ्टचा वेग दर फेऱ्यात दोनदा वाढतो आणि दोनदा कमी होतो. दोन्ही टोकांचे कोन सारखे ठेवले तर एकाचा हेलकावा दुसरा मोडून काढतो. ते जुळले नाहीत तर गाडी थरथरते आणि जॉइंट लवकर जातात. बाकी ब्रेकच्या नळ्या, स्टिअरिंगचे दांडे आणि नव्या इंजिनाच्या कॉम्प्युटरची वायरिंग. ही कामं किचकट, पण ज्याच्या हाती वायरिंगचा नकाशा आहे त्याला ती जमतात.

आता कोरड्या रस्त्याचं. वळणावर पुढची चाकं मोठ्या कंसावरून जातात, मागची लहान कंसावरून. म्हणजे पुढच्यांना जास्त फेरे लागतात. पण भाच्याच्या ट्रान्सफर केसने पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना पक्के बांधलेले आहेत, तेव्हा दोघांचे फेरे सारखेच होणार. चिखलात, वाळूत किंवा बर्फात टायर थोडे सरकून हा फरक भरून काढतात. कोरडं डांबर त्यांना सरकू देत नाही आणि सगळा पीळ शाफ्टमध्ये साठत जातो. स्टिअरिंग जड होतं, दांडा सुटता सुटत नाही. म्हणून डांबरावर मागची दोनच चाकं चालवायची आणि बर्फाचा किंवा चिखलाचा घाट आला की पुढची जोडायची. कोलोरॅडोच्या डोंगरात असे रस्ते भरपूर आहेत, तेव्हा खटाटोप वाया जाणार नाही.

आणखी एक समज दूर करतो. चारही चाकं जोडली म्हणजे चारही नेहमी ओढतील, असं नसतं. साधं डिफ्रन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं. एक चाक हवेत गेलं की त्याला फिरायला जवळजवळ जोर लागतच नाही, म्हणून दुसऱ्यालाही तेवढाच, म्हणजे नगण्य जोर मिळतो. पुढचं एक आणि मागचं एक अशी तिरपी जोडी उचलली गेली, तर फोर-व्हीलसुद्धा जागीच उभी राहते. त्यासाठी डिफ्रन्शियल लॉक लागतो. आणि ब्रेक लावताना फोर-व्हीलचा काही उपयोग नाही. उंच केलेली, जड झालेली व्हॅन थांबायला आधीपेक्षा जास्तच अंतर घेते, हे भाच्याला आवर्जून कळवा.

राहिली ट्रॅव्हलर. यांत्रिकदृष्ट्या हे काम इथेही होईल, पण कायद्याने नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला तर विम्याचा दावाही अडकू शकतो. तुम्हाला डोंगरात फिरायला फोर-व्हील हवीच असेल, तर ट्रॅव्हलर बनवणाऱ्या पुण्याच्या फोर्स मोटर्सचीच गुरखा पाहा. तिला लो गिअर आहे आणि पुढे-मागे दोन्हीकडे डिफ्रन्शियल लॉकही आहे. माणसं ट्रॅव्हलरपेक्षा कमी बसतील, एवढाच फरक.